जात्यातला ज्वालामुखी

जुन्या सास्तूरच्या गावठाणात आता बाभळी माजल्या आहेत. त्यांच्या बुडाशी दगडांचे ढीग आणि ढिगांवर तरवड, घाणेरी. काका हातातल्या काठीनं एक झुडूप बाजूला करतात आणि जमिनीतून जेमतेम वर आलेली भिंतीची ओळ दाखवतात. "हितं माळवद होतं, सात खणांचं. भिंत मी चढवलेली."

काका गवंडी, वयानं सत्तरीच्या पुढचे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपापर्यंत गावातली कितीतरी घरं त्यांच्या हातची होती. मी खाली वाकून एक दगड उचलते. मुठीएवढा, काळपट, अंगावर बारीक भोकं, त्यातल्या काहींत पांढऱ्या खड्यांचे डोळे भरलेले. काका माझ्याकडे बघत राहतात, मग विचारतात, "ताई, तुम्ही ज्वालामुखीवर लिहायला आलात म्हणता. मग खरं सांगा. आमच्या खाली ज्वालामुखी हाय का?"

यंदाच्या अंकाचा विषय 'आग' असल्याचं संपादकांनी कळवलं आणि माझ्या वाट्याला ज्वालामुखी आला. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर आहे. सुमारे दीडशे वर्षं शांत राहून १९९१मध्ये तो पुन्हा पेटला. पण मराठी माणसाच्या जगण्यात ज्वालामुखी शोधायचा तर बोटीत बसायची गरज नाही. म्हणून मी उन्हाळ्याच्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, सास्तूरला आले. पावसाळ्यात पुन्हा एकदा आले. काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला या दोन खेपा लागल्या.

विहिरीच्या भिंतीवरची अक्षरं

उत्तराची सुरुवात एका जुन्या विहिरीपाशी झाली. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की विहिरीची भिंत वरपासून खालपर्यंत उघडी पडते. आम्ही काठावर बसलो आणि काका बोट खाली नेत एकेक थर सांगू लागले. वर पुरुषभर काळी माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम, जो नुसत्या कुदळीनं निघतो. मग मांजऱ्या, म्हणजे भोकांचा, ठिसूळ, फोडायला सोपा दगड. त्याखाली काळा पाषाण, जिथं पहार हात टेकते आणि सुरुंग लावावा लागतो. "पाषाण फोडून खाली गेलं की काही ठिकाणी पुन्हा मांजऱ्या लागतो," काका म्हणाले. एका ठिकाणी दोन थरांच्या मधून वीतभर जाडीचा लालभडक पट्टा आडवा गेला होता. त्याला ते गेरू म्हणाले.

काकांनी जे सांगितलं तेच भूशास्त्रज्ञही सांगतात, फक्त शब्द वेगळे. विहिरीतला प्रत्येक काळा पाषाण म्हणजे तप्त लाव्हारसाचा एक लोट. लोट पसरत गेला तेव्हा त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर आले. वरचा भाग आधी थिजला आणि बुडबुडे त्यातच अडकले. तो झाला मांजऱ्या. मधला भाग सावकाश थंड झाला, म्हणून घट्ट आणि एकसंध राहिला. तो पाषाण. पुढं लाखो वर्षं जमिनीतलं पाणी झिरपत राहिलं आणि रिकाम्या भोकांत गारगोटीचे, झिओलाइटचे स्फटिक धरले. माझ्या मुठीतल्या दगडाचे पांढरे डोळे ते हेच. पुण्याजवळच्या वाघोलीच्या, जळगावच्या, नाशिकच्या खाणींतून निघणारे असले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

आणि तो लाल पट्टा? एक लोट येऊन थंड झाला आणि दुसरा यायला वेळ लागला. तेवढ्या काळात पहिल्याच्या पाठीवर ऊनपावसानं माती तयार झाली. तिच्यातलं लोखंड गंजून ती लाल झाली आणि मग तिच्यावरून पुढचा लोट गेला. त्या पट्ट्यावर काही काळ पाऊस पडला असेल, काही रुजलंही असेल. आगीच्या दोन लोटांमधली ती विश्रांती आहे.

असे लोट एकावर एक चढत गेले आणि दख्खनचं पठार झालं. सह्याद्रीच्या डोंगरांना जे टप्पे दिसतात, ते या लोटांचेच. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून या खडकाला 'दख्खन ट्रॅप' हे नाव पडलं. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कोयनेजवळ घेतलेल्या एका भोकात त्याची जाडी सुमारे ९३० मीटर भरली. पूर्वेकडे येता येता ती कमी होते. सास्तूरजवळच्या किल्लारीत भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडलं. त्यात ३३८ मीटर हा काळा दगड लागला, त्याखाली फक्त ८ मीटर जुना गाळ आणि मग अडीच अब्ज वर्षांचा मूळ खडक. त्या ८ मीटरांत लाव्हा येण्याआधीची इथली जमीन दडलेली आहे.

दगड वितळतो कसा

आपल्या पायाखाली सगळा लाल रस उकळतो आहे, अशी एक समजूत असते. ती बरोबर नाही. जमिनीच्या कवचाखालचा प्रावरणाचा खडक भयंकर तापलेला असतो, पण असतो घन. वरच्या शेकडो किलोमीटर दगडाचा दाब त्याला वितळू देत नाही. प्रेशर कुकरमध्ये शंभर अंशांच्या वर तापलेलं पाणी जसं दाबामुळं उकळायचं थांबतं आणि वाफ एकदम सोडली की आत खळबळ उडते, तसंच हे. खोलातला तापलेला खडक वर सरकला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो थोडाथोडा वितळू लागतो. जमिनीची दोन पाटं एकमेकांपासून दूर सरकतात तिथं असं घडतं. एक पाट दुसऱ्याखाली शिरतं तिथं त्याच्यासोबत खाली गेलेलं पाणी खडकाचा वितळणबिंदू उतरवतं. बॅरन बेट पेटतं ते यामुळं. तिसरी जागा म्हणजे खोलातून उष्ण खडकाचा स्तंभ वर चढत असतो ती.

दख्खनची आग या तिसऱ्या प्रकारची मानतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचं पाट उत्तरेकडे सरकत असताना अशाच एका स्तंभावरून गेलं. जमीन मैलोन्‌मैल फाटली आणि भेगांतून ११००-१२०० अंश तापलेला रस वाहू लागला. पाट पुढं निघून गेलं, स्तंभ मागं राहिला. त्याच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी बेटांची रांग उभी राहिली. आज तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला डोंगर अजूनही वारंवार लाव्हा ओकतो आणि त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थच आहे भट्टीचं शिखर. सास्तूरचा दगड ज्या चुलीवर शिजला, ती चूल अजून पेटलेली आहे. तिच्यावरून आपण केव्हाच दूर आलो.

चित्रातल्या ज्वालामुखीला शंकूचा डोंगर असतो आणि तो फुटतो. दख्खनचा का फुटला नाही? स्वयंपाकघरात याचं उत्तर आहे. पातळ आमटी उकळते तेव्हा बुडबुडे येतात आणि गुपचूप फुटतात. पिठलं घट्ट झालं की तेच बुडबुडे आत कोंडतात आणि चटके देत उसळतात. लाव्ह्यात सिलिका जास्त असली की तो पिठल्यासारखा घट्ट होतो, वायू कोंडतात आणि डोंगर फुटतो. आपल्याकडचा लाव्हा आमटीसारखा होता. त्याला पसरायला जागा मिळाली आणि तो पसरत गेला.

तो निरुपद्रवी होता असं मात्र नव्हे. अशा वाहत्या आगीचं सगळ्यात जवळचं लिखित उदाहरण आइसलँडचं आहे. १७८३च्या जूनमध्ये लाकी इथं सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग पडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. लाव्ह्यानं मारली त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं त्यातून निघालेल्या वायूंनी मारली. गवतावर विषारी फ्लोरिन बसलं, ते खाऊन निम्म्याहून जास्त जनावरं गेली, पाठोपाठ दुष्काळ आला आणि देशातली साधारण पाचातली एक व्यक्ती दगावली. लाकीतून सुमारे १४ घन किलोमीटर लाव्हा आला होता. दख्खनचा हिशेब लाखो घन किलोमीटरांचा आहे. डायनोसॉर संपले तो काळही हाच. मेक्सिकोजवळ उल्का पडली, तिचा वाटा किती आणि दख्खनच्या वायूंचा किती, यावर आजही वाद चालू आहे.

काळी आई

आग विझली आणि ऊनपाऊस, वारा यांनी त्या दगडाची माती केली. काळी, चिकट, आणि ओलाव्याला फुगणारी. उन्हाळ्याच्या खेपेला मी शेतात उभी होते तेव्हा जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. पावसाळ्यात आले तेव्हा भेगा मिटलेल्या, वर सोयाबीन आणि तूर, आणि चपलेला किलोभर चिखल. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. वरची माती भेगांत पडते, खालची वर येते आणि जमीन वर्षानुवर्षं स्वतःच स्वतःला नांगरत राहते. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळा संपल्यावर पेरलेली ज्वारी नुसत्या ओलाव्यावर आणि दवावर उभी राहते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप करून काळ्या आईची पूजा करतं. आंबिल, भज्जी, बाजरीचे उंडे रानातच वाढले जातात.

पण या खडकाचा दुसरा स्वभावही इथल्या माणसाला ठाऊक आहे. वाळूत असतं तसं यात पाणी सगळीकडे नसतं. ते असतं मांजऱ्याच्या भोकांत, पाषाणाच्या फटींत, दोन लोटांच्या सांध्यांत. म्हणून एका बांधाच्या अलीकडे बोअरला पाणी लागतं आणि पलीकडे पाचशे फूट गेलं तरी नुसती भुकटी उडते. पाणाड्या बोलावून नारळ फिरवणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात हीच अनिश्चितता असते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यामागं लागोपाठचे दुष्काळ होते, उपसा होता आणि फटींत मावेल तेवढंच पाणी धरणारा हा दगडही होता. काका म्हणाले, "दगड पाणी देतो, पण उधारीवर. पाऊस परतफेड करतो तवर."

तीन वाजून छप्पन्न मिनिटं

१९९३मध्ये २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, केंद्र किल्लारीजवळ आणि खोली इतकी कमी की सगळा धक्का थेट घरांना बसला. लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली. सास्तूर त्या पट्ट्यातच होतं.

हा ज्वालामुखी नव्हता, हे मी काकांना नकाशा काढून सांगितलं. भारताचं पाट अजूनही वर्षाला चार-पाच सेंटिमीटरनं, साधारण करंगळीएवढं, उत्तरेकडे सरकतं आणि आशियाला जाऊन भिडतं. त्या रेट्याचा ताण थेट मराठवाड्यापर्यंत पोहोचतो. लाव्ह्याच्या थरांखाली, त्या अडीच अब्ज वर्षांच्या खडकात, जुन्या भेगा आहेत. त्यातली एक ताण असह्य होऊन सरकली. किल्लारीजवळ जमिनीवर उमटलेला तिचा चरा शास्त्रज्ञांनी मोजला. १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते, पण त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२मध्ये तो पट्टाच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला. माकणीजवळच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्याचाही यात हात असेल का, अशी चर्चा झाली, कारण १९६७च्या कोयनेच्या भूकंपाचा धरणाशी असलेला संबंध जगभर अभ्यासला गेला आहे. तेरणेच्या बाबतीत तज्ज्ञांचं एकमत झालं नाही.

ज्वालामुखी आणि भूकंप यांच्यात माणसाच्या दृष्टीनं एक मोठा फरक आहे. ज्वालामुखी बहुधा आधी सांगतो. डोंगर फुगतो, लहान धक्के बसतात, वायू बदलतो. १९९१मध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबोनं अशीच चिन्हं दाखवली, हजारो माणसांना आधीच हलवलं आणि ती वाचली. भूकंप कुणाला सांगून येत नाही. तो येतो तेव्हा माणसाजवळ फक्त त्याचं घर असतं. म्हणून सास्तूरची गोष्ट शेवटी घराची गोष्ट होते.

ते घर कसं होतं, हे काकांइतकं कुणाला माहीत असणार? भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, मध्ये चिपा आणि माती. जोडायला चिखल. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक घरांत नव्हता. वर तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर माती. दरवर्षी पाऊस येण्याआधी गळू नये म्हणून माळवदावर आणखी पांढरी माती पडायची. पिढ्यान्‌पिढ्या ती साठत गेली. दीड फूट माती म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला पाऊण टन वजन.

"उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही," काका म्हणाले. खरं आहे. जाड भिंत आणि जड माती यांनीच मराठवाड्याचं ऊन शेकडो वर्षं बाहेर ठेवलं. पण जमीन हलली तेव्हा भिंतीचं पोट फुटलं, दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या आणि वरची माती खाली आली. दगड लाव्ह्याचा, त्याला धरणारा चिखल त्याच लाव्ह्याच्या मातीचा, आणि छतावरचा भारही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दगड नाही फुटला, ताई. एकसुद्धा नाही. भिंत फुटली."

नव्या गावातला दगड

नवं सास्तूर सरळ रेषांचं आहे. रस्ते रुंद, घरं ओळीनं. पुनर्वसनात जमिनीच्या मालकीप्रमाणं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. लातूर आणि उस्मानाबादमधली ५२ गावं अशी नव्या जागी वसली. जागतिक बँकेच्या कर्जातून हे काम झालं. जी घरं पडली नव्हती, ती जागच्या जागी बळकट करायची मोठी मोहीमही चालली. त्यात बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. घर कसं बांधलं जातंय, सिमेंट किती पडतंय, पट्टा घातला की नाही, हे बघणं आणि सरकारला विचारणं हे त्यांचं काम. घराबाहेर फारसं न बोललेल्या बायका इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. या पट्ट्यातल्या बचत गटांची वाट बऱ्याच अंशी तिथून सुरू झाली. सास्तूरचं 'स्पर्श' रुग्णालयही भूकंपानंतरच्या त्याच धडपडीतून उभं राहिलं आणि आजही आसपासच्या गावांतल्या बाळंतिणी तिथं येतात.

काकांनीही नवं शिक्षण घेतलं. तोवर चाळिशीच्या घरात आलेल्या गवंड्याला भिंत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. ठरावीक अंतरावर आरपार दगड. कोपऱ्यात दगडांची गुंफण. जोत्याला, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, घराला कमरपट्ट्यासारखा चारी बाजूंनी फिरणारा सळई-सिमेंटचा पट्टा. छत हलकं. काका सांगतात, "एवढंच पाहिजे होतं. ते तवा कुणी सांगितलं असतं तर." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

लोकांचा मात्र दगडावरचा विश्वास उडाला तो उडालाच. कितीतरी कुटुंबं पक्कं घर सोडून वर्षानुवर्षं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हा हिशेब. भर उन्हात त्या पत्र्याखाली भाजून निघणंही त्यांनी पत्करलं. आता जी पोरं घरं बांधतात, त्यांनी ती रात्र पाहिलेली नाही. स्लॅब पडतो, खाली दुकानाचा गाळा निघतो, आणि पट्ट्याचा खर्च वाचवायची इच्छा पुन्हा डोकं वर काढते. २१ मार्च २०२४ला हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा पुन्हा सगळे रस्त्यावर आले. मला मनापासून वाटतं, इथल्या प्रत्येक शाळेनं मुलांना एकदा तरी विहिरीच्या काठावर न्यावं, थर दाखवावे, आणि परत येताना एका बांधकामापाशी थांबून आरपार दगड कुठं आहे ते शोधायला सांगावं. आपल्या पायाखालची जमीन कशी आहे हे ठाऊक असलेला माणूस तिला नुसता घाबरत नाही, तिच्याशी कसं वागायचं ते ठरवतो.

धाराशिवची लेणी, नळदुर्गचा किल्ला, तुळजापूरचं देऊळ, सगळं या एकाच काळ्या दगडातलं. शेकडो वर्षं उभं आहे. लेण्यांत तर सांधाच नाही, अखंड कातळ कोरला. देवळात घडवलेले दगड एकमेकांत बसवले. हे कौशल्य गावच्या साध्या घरापर्यंत पोहोचलं नाही, कारण घडवलेला दगड परवडत नव्हता.

टाकी

निघायच्या दिवशी काकांच्या घरी गेले. अंगणात काकू जातं काढून बसल्या होत्या. हे जातं ढिगाऱ्यातून निघालेलं. घरातली माणसं आणि गाभण गाय काढून झाल्यावर काही दिवसांनी ते सापडलं, खुंटा मोडलेला, पाळू शाबूत. काकूंनी ते सोडलं नाही. "सासूबाईंचं हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

गावात गिरणी आहे, तरी डाळ भरडायला जातं लागतं. आणि वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला की दाणा नुसता घसरतो. काकांनी वरची पाळू उलटी केली, छिन्नी आणि सुतकी घेतली आणि टाकी लावायला बसले. मधल्या भोकापासून काठाकडे, एका लयीत, बारीक बारीक घाव. प्रत्येक घावाला दगडाचं चिमूटभर पीठ उडत होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. घाव पडला होता तिथं दगड ताजा निळसर-काळा दिसत होता आणि त्यात सुईच्या टोकाएवढे स्फटिक चमकत होते. वरचा जुना राखी रंग हवेचा आणि हातांचा. आतला रंग लाव्हा थिजला त्या दिवसाचा.

अर्ध्या तासानं काकूंनी दोन्ही पाळू झटकल्या, नवा खुंटा ठोकला आणि दोन-तीन मुठी ज्वारी घालून दळायला सुरुवात केली. टाकी लावल्यावर पहिलं दळण खायचं नसतं, त्यात दगड उतरतो. पीठ जात्याभोवती पडत गेलं, पांढरं, मध्ये काळे ठिपके. काकूंनी चिमूटभर उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

"बघ, कोमट लागतंय नव्हं? दळताना दगड तापतो."

पीठ खरंच कोमट होतं. बोटांमध्ये चोळलं तर कचकचत होतं. काकूंनी उरलेलं सुपात गोळा केलं, अंगणात कोंबड्यांना टाकलं, आणि मग तुरीचं पोतं पुढं ओढलं.